अर्धी अँटेना म्हणजे गाडी: सीबी रेडिओविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना, यावलच्या अभयारण्यातून पालकडे जाताना किंवा तोरणमाळच्या वळणांवर मोबाइलवर विसंबून राहता येत नाही. चार-पाच जीपगाड्यांचा ताफा अशा वाटेवर असेल, तर पुढची गाडी नाल्यात रुतल्याचे मागच्या गाडीला कळवण्यासाठी काहीतरी सोय हवी. सीबी, म्हणजे सिटिझन बँड, रेडिओ ही जुनी, साधी आणि दरमहा पैसे न मागणारी सोय आहे. भारतात ती फारशी रुजली नाही, त्यामुळे ती बसवणारे अनुभवी हातही थोडे. यंत्र बसवण्यात फारसे काही नसते. गाडे अडते ते अँटेनापाशी. अँटेनाविषयीचे बरेचसे सल्ले अमेरिकी ट्रकचालकांच्या अनुभवातून तुटक-तुटक इथवर पोहोचले आहेत आणि वाटेत त्यांची कारणे गळून पडली आहेत. या सल्ल्यांतली बहुतेक चूक एकाच ठिकाणी होते: छपरावर दिसणारी काठी म्हणजेच अँटेना, असे धरले जाते. खरे तर ती अर्धीच असते.

गाडीवर सीबी रेडिओ लावणे बेकायदा आहे.

हा समज हवेतून आलेला नाही. १८८५चा तार कायदा आणि १९३३चा बिनतारी कायदा यांच्या अमलात बोलण्याचे यंत्र सोडाच, घरात गाणी ऐकण्याच्या रेडिओलाही टपाल कार्यालयात परवाना शुल्क भरावे लागे. बिनतारी यंत्र म्हणजे पोलिसांचे काम, ही धारणा त्या काळापासून घट्ट बसली आहे. मात्र २००५च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा सिटिझन बँड परवानामुक्त केला. प्रभावी प्रक्षेपण शक्ती ५ वॅटपेक्षा जास्त नसावी, यंत्राला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता असावी आणि त्याचा इतर सेवांना व्यत्यय होऊ नये, अशी ही चौकट आहे.

उलट टोकाचा समजही तितकाच चुकीचा आहे. परदेशातून आलेल्या यंत्रांत अमेरिकी पद्धतीचे ४० चॅनल असतात आणि ते सगळे वापरायला मोकळे आहेत असे वाटते. त्यांपैकी २७व्या चॅनलची फ्रिक्वेन्सी २७.२७५ मेगाहर्ट्झ, म्हणजे आपल्या हद्दीच्या आत. २८व्याची २७.२८५, म्हणजे बाहेर. त्यामुळे इथे १ ते २७ एवढेच चॅनल वापरायचे. यूएचएफ वॉकीटॉकींचा मामला निराळा आहे. त्यांच्या बेकायदा ऑनलाइन विक्रीवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा दिल्या. त्या बातम्या वाचून सीबीलाही त्यांच्यातच ढकलणे योग्य नाही.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. सीबीचा हाच पट्टा उद्योगांसाठीही राखलेला आहे. प्लास्टिक वेल्डिंगची उच्च फ्रिक्वेन्सीची यंत्रे २७.१२ मेगाहर्ट्झवर, म्हणजे ऐन मध्यावर चालतात. औद्योगिक वसाहतीजवळ रेडिओत घरघर आली, तर अँटेनाला दोष देण्याआधी गाडी दोन किलोमीटर पुढे नेऊन पाहावी.

अँटेना जितकी लांब, तितकी रेंज जास्त.

यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच हा समज टिकून आहे. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर. तिची चौथाई म्हणजे पावणेतीन मीटर. प्रत्यक्षात ती थोडी कमी भरते आणि म्हणूनच १०२ इंची, म्हणजे साधारण २.६ मीटरची पोलादी काठी ही सीबीची अभिजात अँटेना मानली जाते. त्याहून आखूड अँटेनात राहिलेली लांबी तारेच्या वेटोळ्यांनी भरून काढावी लागते, आणि या भरपाईत काही शक्ती उष्णतेत जाते. दोन फुटी काठीपेक्षा चार फुटी काठी चांगली काम करते ती यामुळे. मात्र लांबी नेमकी फ्रिक्वेन्सीशी जुळलेली असेल तरच तिचा उपयोग. वाटेल तेवढी लांब सळई बसवून रेंज मिळत नाही. एफएम ऐकण्याची गाडीची मूळ अँटेनाही इथे चालत नाही. ती ८८ ते १०८ मेगाहर्ट्झसाठी असते आणि सीबीचे यंत्र तिला जोडून बोलल्यास यंत्राच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरवर ताण येतो.

आता व्यवहार पाहू. बोलेरोसारख्या गाडीच्या छपरावर पूर्ण काठी उभी केली, तर जमिनीपासून टोकापर्यंत साधारण साडेचार मीटर उंची होते. बाभळी, आंब्याच्या फांद्या आणि शेतरस्त्यावर लोंबणाऱ्या तारा यांतून ती नेता येत नाही. छपराच्या मध्यावरची तीन-चार फुटी अँटेना ही तडजोड आहे आणि खान्देशातल्या वाटांवर तीच शहाणपणाची आहे. तीही बुडाशी स्प्रिंग लावूनच बसवावी. फांदीचा फटका स्प्रिंगने झेलला नाही, तर तो माउंटच्या बोल्टला किंवा पत्र्याला झेलावा लागतो.

काठी चांगल्या कंपनीची असली की ती कुठेही बसवली तरी चालते.

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. पैसे काठीवर खर्च होतात, ती बंपरच्या कोपऱ्यावर बसते आणि मग मेकॅनिकपासून कंपनीपर्यंत सगळ्यांना बोल लागतो. डोळ्यांना फक्त काठी दिसते, त्यामुळे ही चूक होणे साहजिक आहे.

चौथाई लांबीच्या अँटेनाला दुसरी बाजू लागते. काठीत जेवढा प्रवाह वर जातो, तेवढ्यालाच खाली परतीची जागा हवी असते; गाडीवर ती जागा म्हणजे बॉडीचा पत्रा. हा पत्रा काठीभोवती सगळीकडे सारखा पसरलेला असेल, तर लहरीही चहूकडे जवळपास सारख्या जातात. म्हणून पोलादी छपराचा मध्य ही उत्तम जागा. अँटेना मागच्या डाव्या कोपऱ्यावर असेल, तर सर्वांत जास्त पत्रा तिच्या पुढे-उजवीकडे असतो आणि आवाज त्याच दिशेने जास्त पोहोचतो. ताफ्यातल्या शेवटच्या गाडीला हे चालून जाते, कारण तिला पुढेच बोलायचे असते. सर्वांत पुढच्या गाडीला मात्र हीच जागा नडते.

बंपरवर लावलेल्या आखूड काठीचा मोठा भाग गाडीच्या बॉडीला समांतर उभा राहतो. शेजारचा पत्रा तिचे ट्यूनिंग बिघडवतो आणि लहरीही अडवतो. वेटोळी टोकाकडे असलेली फायबरग्लासची अँटेना वापरायची, तर निदान तिचा वरचा भाग छपराच्या वर राहील इतके पाहावे. स्टेपनीच्या कॅरिअरवर लावायची झाल्यासही नियम हाच.

छप्पर कशाचे आहे, हे विचारल्याशिवाय पुढचे काहीच ठरत नाही. कापडी किंवा फायबरचे टप असलेल्या गाडीला वरच्या बाजूला परतीचा पत्राच नसतो. चुंबक लावून पाहिल्यास उत्तर क्षणात मिळते. तो चिकटला नाही, तर अँटेना बोनेटच्या कडेला किंवा विंडशील्डच्या चौकटीजवळच्या पोलादी भागावर न्यावी. नाहीतर बॉडीच्या पत्र्यावर अवलंबून नसलेला खास संच घ्यावा. तो संच त्याच्या स्वतःच्या केबलसह येतो, आणि त्याची केबल कापली किंवा बदलली तर तो निकामी होतो.

माउंटपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वायर ओढली की अर्थिंग झाले.

गाडीच्या विजेचे काम करणाऱ्या कारागिराचे हे उत्तर त्याच्या कामाच्या दृष्टीने बरोबरच असते. दिवा, हॉर्न, स्टार्टर यांना बॉडी अर्थ मिळाला की काम होते आणि मल्टिमीटर शून्य ओहम दाखवतो. पण मल्टिमीटर मोजतो तो बॅटरीचा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह. अँटेनातला प्रवाह सेकंदाला सुमारे २ कोटी ७० लाख वेळा मागे-पुढे होतो. एवढ्या वेगाला साधी सरळ वायरसुद्धा अडथळा ठरते: एक मीटर वायरचा अडथळा २७ मेगाहर्ट्झवर दीडशे ओहमच्या वर जातो. पन्नास ओहमच्या व्यवस्थेत मध्येच दीडशे ओहम घातले, तर त्याला अर्थिंग म्हणता येत नाही. ती वायर स्वतःच अँटेनासारखी वागू लागते.

यावर उपाय म्हणजे जोड जिथल्या तिथे घ्यावा. माउंट जिथे पत्र्याला टेकतो, तिथला रंग किंवा पावडर कोटिंग खरवडून धातू उघडा करावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि वरून ग्रीस किंवा गंजरोधक रंग लावावा. बोनेट आणि मागचा दरवाजा बिजागरीवर असतात. बिजागरीत रंग, धूळ आणि वंगण भरलेले असते. त्यांच्यावर अँटेना बसवायची असेल, तर बोनेट ते बॉडी असा रुंद, चपटा, विणलेल्या तारेचा पट्टा शक्य तितका आखूड ठेवून जोडावा. लांबी कमी आणि रुंदी जास्त, हेच या जोडाचे सूत्र आहे. छपरावरचे लोखंडी कॅरिअरही बहुधा रबरी पायांवर उभे असते, त्यामुळे त्यावर घट्ट आवळलेला माउंट बॉडीपासून तुटलेलाच राहतो.

चुंबकी माउंटला हे खरवडणे लागत नाही. रंगाच्या पातळ थरातून तो पत्र्याशी धारित्राच्या तत्त्वाने जोडला जातो, त्यामुळे चुंबकी अँटेना म्हणजे खेळणे, हा आक्षेप सपाट रस्त्यापुरता तरी खोटा आहे. जंगलवाटेवर ती फांदीने उडते, हे मात्र खरे. तापीकाठची बारीक काळी माती चुंबकाखाली शिरली की रंगावर ओरखडे उठतात, म्हणून बसवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग पुसून घ्यावेत.

एसडब्ल्यूआर १:१ आले म्हणजे अँटेना उत्तम.

एसडब्ल्यूआर, म्हणजे स्टँडिंग वेव्ह रेशो, हा मीटरवर एक आकडा म्हणून दिसतो आणि तो जितका लहान तितका चांगला, असे सांगितलेले असते. मग त्याच्यामागे धावणे स्वाभाविक आहे. हा आकडा सांगतो ते इतकेच की यंत्राने पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत आली. १.५ असताना ४ टक्के परत येते, २ असताना ११ टक्के, ३ असताना २५ टक्के. १.५ वरून १ वर आणण्याने मिळणारे ४ टक्के समोरच्याच्या कानाला कळतसुद्धा नाहीत. तिनाच्या वर गेल्यास मात्र बोलणे थांबवून दोष शोधावा.

गेलेली शक्ती हवेत गेली की उष्णता होऊन संपली, हे मीटर सांगत नाही. चाचणीसाठी अँटेनाऐवजी ५० ओहमचा रेझिस्टर जोडला तर एसडब्ल्यूआर १:१ येते आणि शेजारच्या गाडीलाही नीट ऐकू जात नाही. पाणी शिरलेली केबल, गंजलेला जोड हेही आकडा सुधारून दाखवतात. पूर्ण चौथाई लांबीच्या काठीचा स्वतःचा रोध चांगल्या पत्र्यावर ३६ ओहमच्या आसपास असतो. तिथे मीटरने १.४ दाखवणे हे तब्येत चांगली असल्याचे लक्षण आहे. अशा काठीवर पावसाळ्यानंतर अचानक १:१ दिसू लागले, तर आनंद मानण्याऐवजी केबल तपासावी.

मोजमाप कसे करावे, यालाही महत्त्व आहे. पत्र्याच्या शेडखाली किंवा गॅरेजच्या भिंतीला लागून घेतलेला आकडा निरुपयोगी असतो. गाडी मोकळ्या मैदानात न्यावी, दारे बंद करावीत, माणसांनी दूर उभे राहावे. चॅनल १ आणि चॅनल २७ वर मोजावे. ४०वर मोजण्याचा सल्ला अमेरिकेसाठी आहे. तिथे १९७७पासून ४० चॅनल आहेत. चॅनल २७ वर आकडा जास्त असेल तर अँटेना लांब आहे, ती थोडी आखूड करावी. चॅनल १ वर जास्त असेल तर ती आखूड आहे. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच कमी करावे, कारण कापलेली काठी पुन्हा वाढत नाही. दोन्ही टोकांना आकडा सारखाच वाईट असेल तर लांबीला हात लावू नये. तिथे दोष बहुधा माउंटच्या जोडात किंवा केबलमध्ये असतो.

केबल बरोबर अठरा फुटांचीच हवी.

अठरा फुटांचा आकडा इतक्या ठामपणे सांगितला जातो, की जीपमध्ये नऊ फुटांत काम भागत असतानाही उरलेली केबल सीटखाली कोंबली जाते. आकडा खोटा नाही. तो दुसऱ्या कामाचा आहे. मोठ्या ट्रकवर दोन्ही आरशांच्या बाजूला दोन अँटेना लावून त्या एकाच यंत्राला जोडतात. त्यासाठी ७५ ओहमची केबल लागते आणि प्रत्येक फाट्याची लांबी चौथाई तरंगाच्या विषम पटीत ठेवावी लागते, म्हणजे दोन्हींचा मिळून रोध पुन्हा पन्नासच्या जवळ येतो. केबलमध्ये लहर हवेतल्या वेगाच्या सुमारे ६६ टक्के वेगाने धावते. त्या हिशेबाने एक चौथाई सहा फुटांची, ती ट्रकच्या केबिनमध्ये पुरत नाही. तीन चौथाया अठरा फुटांच्या. एवढेच त्या आकड्याचे मूळ.

एका अँटेनाला ५० ओहमची चांगली केबल गरजेपुरती असावी. लांबी बदलल्याने एसडब्ल्यूआरचा आकडा मोठ्या प्रमाणात हलत असेल, तर माउंटचा जोड कच्चा असून केबलची बाहेरची जाळीच अँटेनाचे काम करू लागली आहे, असे समजावे. केबल दाराच्या फटीत चेपली जाणार नाही आणि सायलेन्सरला टेकणार नाही, याकडे लांबीपेक्षा जास्त लक्ष द्यावे.

दोन अँटेना म्हणजे दुप्पट रेंज.

दोन अँटेनांमध्ये निदान चौथाई तरंगाचे, म्हणजे पावणेतीन मीटरचे अंतर असेल तर पुढे-मागे थोडा फायदा होतो. जीपची पूर्ण रुंदीच पावणेदोन मीटरच्या आसपास. गाडी देखणी दिसते, काम एकाच अँटेनाचे होते आणि जोड दुप्पट वाढतात.

घाटात आवाज पोहोचत नसेल तर वॅट वाढवावेत.

मैदानात दिवा मोठा केला की उजेड लांब जातो, तसेच इथेही होईल असे वाटते. पण रेडिओत समोरच्याच्या मीटरवर एक पायरी वाढण्यासाठी शक्ती चौपट करावी लागते: ४ वॅटचे १६. जोडीला ॲम्प्लिफायर लावून ५ वॅटची मर्यादा ओलांडली की परवानामुक्तीचे संरक्षण संपते. सातपुड्यातल्या अडचणीचे कारण वेगळेच असते. दोन गाड्यांमध्ये बेसॉल्टचा अख्खा डोंगर असतो. २७ मेगाहर्ट्झच्या लांब लहरी यूएचएफपेक्षा कड्यावरून थोड्या अधिक वळतात, तरी खोल दरीत उतरलेल्या गाडीपर्यंत त्या जातीलच असे नाही. अशा वेळी मधली एक गाडी माथ्यावर थांबवून दोन्हीकडचे निरोप तोंडी पुढे पाठवणे, हा उपाय कोणत्याही ॲम्प्लिफायरपेक्षा खात्रीचा आहे. त्यासाठी घाट चढण्याआधीच कोणती गाडी कुठे थांबेल, हे ठरवलेले असावे.

याच समजाचा दुसरा पैलू: एखाद्या दुपारी रेडिओवर परदेशातले बोलणे ऐकू येते आणि अँटेना जबरदस्त असल्याची खात्री पटते. ते श्रेय सूर्याचे आहे. सौर हालचाल वाढली की आयनांबराचा थर २७ मेगाहर्ट्झच्या लहरी परत खाली वळवतो आणि त्या हजारो किलोमीटर जातात. सध्याच्या सौरचक्राचा उच्चकाळ २०२४च्या सुमारास आला. त्या दिवसांत वाकडी-तिकडी बसवलेली अँटेनाही दूर देशीचे ऐकवते आणि दोन किलोमीटरवरच्या सोबत्याचे बोलणे त्या गोंगाटात बुडते. आपल्या अँटेनाची परीक्षा ताफ्यातल्या गाडीशी बोलूनच घ्यावी.

काठीवर फायबरचे किंवा रबराचे आवरण आहे, तेव्हा विजेच्या तारेचा धोका नाही.

हा एकच गैरसमज जिवावर बेतणारा आहे. घरातल्या वायरवरचे प्लास्टिक आपल्याला वाचवते, म्हणून काठीवरचेही वाचवेल असे वाटते. अँटेनाचे आवरण तार गंजू नये आणि खुळखुळू नये यासाठी असते. उच्च दाबासाठी त्याची चाचणी झालेली नसते. भुसावळ विभागातल्या आणि सुरत–जळगाव मार्गावरच्या रेल्वे तारांमध्ये २५ हजार व्होल्ट असतात. एवढ्या दाबाला स्पर्शही लागत नाही. ओलसर हवेत पुरेसे जवळ जाणे पुरते. शेतपंपांना वीज नेणाऱ्या ११ हजार व्होल्टच्या तारा वळिवाच्या वाऱ्यानंतर कुठे किती झुकल्या असतील, याचा भरवसा नसतो. स्प्रिंगवर डोलणारी काठी खड्ड्यात गाडी आदळली की आणखी उसळते, हेही हिशेबात धरावे.

म्हणून अँटेना बसवल्याच्या दिवशीच जमिनीपासून टोकापर्यंतची उंची मोजपट्टीने मोजावी आणि चालकासमोर लिहून चिकटवावी. रेल्वे फाटकापाशी उंचीची आडवी कमान असते. तिच्याखालून काठी मोकळी जात नसेल, तर अलीकडेच थांबून ती काढावी किंवा वाकवून क्लिपमध्ये अडकवावी. क्लिपमध्ये अडकवलेल्या काठीवर बोलू नये, ट्यूनिंग बिघडलेले असते. लोंबती तार दिसली तर खाली उतरून, गाडीपासून दूर उभे राहून अंदाज घ्यावा, आणि शंका वाटली तर दुसरा रस्ता धरावा. तार काठीला लागलीच, तर गाडीतच बसून राहावे, बाहेरच्या कुणाला गाडीला हात लावू देऊ नये आणि वीजपुरवठा बंद केल्याचे कळेपर्यंत पाय जमिनीला टेकवू नये.